नगरसेवकाकडे जाताना हातात काय असावं

नाली तुंबली, खांबावरचा लाईट गेला, नळाला गढूळ पाणी आलं की नागपुरात पहिला फोन नगरसेवकाला जातो. फोन लागतो, "हो भाऊ, सांगतो मी" असं उत्तरही मिळतं, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच विरते. नगरसेवकाने थाप मारली असंच काही नसतं. असे ढीगभर फोन झाल्यावर संध्याकाळी कुणाची नाली कोणत्या गल्लीत होती हे त्याच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहिलं तरी महानगरपालिकेच्या (मनपाच्या) झोन कार्यालयातल्या इंजिनिअरला पुढे सांगण्यासारखं त्यात काही नसतं.

मुळात नगरसेवकाचे अधिकार लोकांना वाटतात त्यापेक्षा बरेच कमी आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६७ प्रमाणे मनपाचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवकाला जेईवर (कनिष्ठ इंजिनिअरवर) हुकूम चालवता येत नाही, ठेकेदाराचं बिल अडवता येत नाही की सोडवता येत नाही. त्याच्याकडे तीनच गोष्टी असतात: अधिकाऱ्याला फोन करणं, लेटरहेडवर पत्र देणं आणि सभागृहात किंवा प्रभाग समितीत विषय मांडणं. तुमचं गाऱ्हाणं यातल्या एखाद्या वाटेने पुढे सरकेल असं करून दिलं तर ते सरकतं. एरवी "लक्ष द्या ना जरा" एवढंच उरतं, आणि नुसत्या लक्ष देण्याने नाली साफ होत नाही.

तुमचा माणूस कोणता?

नागपूर मनपात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक आहेत. ३७ प्रभागांतून प्रत्येकी चार आणि ३८ व्या प्रभागातून तीन. जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं आहेत. ती आरक्षणासाठी आहेत, भाग वाटून देण्यासाठी नाहीत. चौघेही अख्ख्या प्रभागाचे असतात, कारण प्रभागातल्या प्रत्येक मतदाराने चारही जागांसाठी मत दिलेलं असतं. प्रत्यक्षात चौघे आपसात भाग वाटून घेतात आणि "तो एरिया माझ्याकडे नाही, ताईंकडे आहे" असं ऐकायला मिळतं. ही त्यांची आपसातली सोय झाली. कायद्यात तिला काही आधार नाही. म्हणून पत्र एकच करावं आणि वर चौघांची नावं लिहावीत. प्रत्येकाला कळतं की बाकीच्या तिघांकडेही हेच पत्र पोचलं आहे. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर याचा उपयोग जास्तच होतो.

जिथे नगरसेविका निवडून आल्या आहेत तिथे फोन पुष्कळदा त्यांचे पती किंवा दीर उचलतात. त्यांच्याशी बोलायला हरकत नाही, पण पत्र नगरसेविकेच्याच नावाने द्या आणि सहीही त्यांचीच घ्या. सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार ताईंना आहे, भाऊंना नाही.

प्रभाग आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी. मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. काम होतं ते झोनमध्ये, सहायक आयुक्त आणि त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांकडून. घरटॅक्सच्या डिमांडवर जो वॉर्ड क्रमांक असतो तो कर विभागाचा. त्यालाच निवडणुकीचा प्रभाग समजून भलत्याच नगरसेवकाच्या दारात उभे राहणारे कमी नाहीत. प्रभाग पाहायचा तर मतदार यादीत पाहावा. आणि बेसा, वाडी, कामठी ही गावं शहराला चिकटून असली तरी मनपात येत नाहीत. त्यांच्या नगर पंचायती आणि नगर परिषदा वेगळ्या आहेत.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मनपावर प्रशासक होते. या काळात नागपूरकरांना एक सवय जडली: गडरलाईन (सांडपाण्याची पाईपलाईन) फुटली तरी थेट आमदाराच्या कार्यालयात जायचं. आमदाराचा पीए पत्र देतो, ते पत्र झोनमध्ये येतं, आणि जे काम नगरसेवकाच्या एका फोनने सुरू झालं असतं ते टपालात अडकतं. आता नगरसेवक आहेत, त्यामुळे ही सवय सोडलेली बरी.

कुणाचं काय, हे एकदा डोक्यात पक्कं करावं. रस्त्यावरचा दिवा मनपाचा, घरातली वीज महावितरणची. पाणी मनपाचं, पण रोजचा पुरवठा आणि बिलं ऑरेंज सिटी वॉटर पाहते. रस्ते मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात वाटलेले आहेत, त्यामुळे खड्ड्याआधी रस्त्याचा मालक शोधावा लागतो. ले-आऊटचं नियमितीकरण, आरएल लेटर (म्हणजे त्या नियमितीकरणाचं पत्र), गुंठेवारी हा विषय नासुप्रचा. तिथे नगरसेवकाचा फोन फारसा चालत नाही, आमदाराचा जास्त चालतो. रेशन, तहसील, पोलीस आणि राज्य सरकारची खाती यांसाठी आमदार. रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग यांसाठी खासदार. शहरात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत आणि लोकसभेचा एक.

आधी तक्रार, मग नगरसेवक

नगरसेवकाने जेईला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो: "तक्रार नंबर काय आहे?" नंबर नसेल तर जेई "पाहतो" म्हणून मोकळा होतो, आणि नगरसेवकाकडेही पुढे बोलायला काही राहत नाही. म्हणून आधी मनपाच्या अ‍ॅपवर किंवा झोन कार्यालयात तक्रार नोंदवा. नंबर, तारीख आणि एक फोटो ठेवा. साधी कामं, म्हणजे कचरा, दिवा, चोकअप, पुष्कळदा इथेच आटोपतात आणि नगरसेवकापर्यंत जावंच लागत नाही. आठवडाभरात काही हाललं नाही तर मग नगरसेवक. गडरच्या चेंबरचं झाकण गायब असेल किंवा पाईपलाईन फुटली असेल तर अर्थातच वाट पाहू नये. तक्रार नोंदवा आणि लगेच फोन करा. तार तुटून पडली असेल तर नगरसेवकाआधी महावितरण, झाड कोसळलं असेल तर अग्निशमन, १०१.

आता मेसेजचं पाहू. रोज जाणारा मेसेज असा असतो: "भाऊ आमच्या एरियात खूप प्रॉब्लेम आहे, नाली, रोड, कुत्रे, कोणी लक्ष देत नाही, प्लीज काहीतरी करा." सोबत तीन मिनिटांची व्हॉइस नोट. या मेसेजमध्ये पत्ता नाही, तीन वेगवेगळ्या विभागांची कामं एकत्र कोंबली आहेत आणि नेमकं काय हवं ते सांगितलेलं नाही. नाली मलनिस्सारणवाल्यांची, रस्ता बांधकामवाल्यांचा, कुत्री पशुवैद्यकीयवाल्यांची. नगरसेवकाने हा मेसेज कुणाला पाठवावा?

चालणारा मेसेज असा असतो: "नमस्कार ताई. प्रभाग ___, ___ ले-आऊट, प्लॉट २१ ते २८ समोरची नाली बारा दिवसांपासून तुंबली आहे. पाणी रस्त्यावर येतं. अ‍ॅपवरचा तक्रार क्र. ___, दिनांक ___. चोकअप काढायला गाडी पाठवायला झोनला सांगावं ही विनंती. फोटो आणि लोकेशन सोबत. नाव, प्लॉट नं., मोबाईल." नगरसेविका हा मेसेज एक अक्षरही न बदलता जेईला फॉरवर्ड करू शकते. मेसेज पाठवण्याआधी एवढंच तपासा: तो जसाच्या तसा पुढे ढकलता येतो का? पत्ता, तक्रार क्रमांक, एकच मागणी आणि खालचं नाव यांतलं काहीही राहून गेलं तर तो नगरसेवकाच्याच फोनमध्ये पडून राहतो.

निवेदन कसं लिहावं

मोठ्या कामासाठी मेसेज पुरत नाही, निवेदन लागतं. एका पानाचं, एकाच विषयाचं. विषयाच्या ओळीतच काम आणि जागा यावी: "___ ले-आऊटमधील प्लॉट २१ ते ४० दरम्यान पावसाळी नाली बांधून मिळणेबाबत." पहिल्या परिच्छेदात आज काय स्थिती आहे, दुसऱ्यात आधी काय केलं (तक्रार क्रमांक, तारखा), तिसऱ्यात मागणी. अंदाजे लांबी मोजून लिहा. "सुमारे ११० मीटर" लिहिलेलं असलं की इंजिनिअरला एस्टिमेटचा अंदाज पत्र वाचतानाच येतो. परिसराचा इतिहास, कर भरूनही होणारा अन्याय, संविधानाचे दाखले हे सगळं वगळा.

सह्या किती घ्याव्यात यावर फार वाद होतात. आमच्या मते त्याच गल्लीतल्या वीस घरांच्या सह्या, नाव, प्लॉट नंबर आणि मोबाईलसकट, पाचशे अनोळखी सह्यांपेक्षा भारी ठरतात. नगरसेवकाला त्या वीस नावांत आपले मतदार दिसतात. पाचशेंत कोण आणि कुठला, हे कळायला वाव नसतो. ऑनलाईन याचिकेचं तर विचारूच नका. पुण्या-मुंबईचे हजार लोक सह्या करून जातात आणि प्रभागातला एकही नसतो.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. नगरसेवकाच्या कार्यालयात शिक्का नसेल तर तारखेसह सही चालेल. तेच पत्र झोनच्या आवक विभागात देऊन आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. लोक नेमके इथेच चुकतात. नगरसेवकाला दिलेलं पत्र मनपाच्या दप्तरी नसतं, त्यामुळे उद्या माहिती अधिकारात विचारलं तर "असे पत्र प्राप्त नाही" असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं.

पत्र पुढे गेल्यावर त्यावर शेरा पडतो. "नियमानुसार उचित कार्यवाहीस्तव" असा शेरा असेल तर समजा पत्र फाईलमध्ये झोपलं. त्यात कुणी, काय, कधीपर्यंत करायचं यातलं काहीच नाही. म्हणून नगरसेवकाला विनंती करताना शब्दच सुचवावेत: "कार्यकारी अभियंता यांनी स्थळ पाहणी करून पंधरा दिवसांत अहवाल द्यावा." पाहणी झाली की अहवाल लिहावा लागतो, अहवालात काम आवश्यक आहे की नाही हे सांगावं लागतं, आणि आवश्यक असेल तर एस्टिमेटचा विषय आपोआप निघतो.

कारण नवीन काम एका फोनने होत नाही. आधी एस्टिमेट, मग बजेटच्या कोणत्या हेडखाली पैसा आहे ते पाहणं, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश. मधेच कुठे तरी फाईल थांबते. "आमच्या नालीचं काय झालं?" असं विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर मिळतं. "एस्टिमेट झालं का? कोणत्या हेडखाली? तांत्रिक मंजुरीला कोणत्या तारखेला गेलं?" असं विचारलं तर नगरसेवकालाही फोन करून शोध घ्यावा लागतो, आणि मग फाईल नेमकी कोणत्या टेबलावर आहे ते कळतं. रस्त्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारा: दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला आहे का? संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. मनपाच्या पैशाने तोच खड्डा पुन्हा बुजवायची गरज नाही.

भेट

तिघांनी जावं, एकाने बोलावं. दहा-पंधरा जण गेले की प्रत्येकाला आपापलं गाऱ्हाणं आठवतं आणि मूळ नाली बाजूला पडते. सकाळी घरी किंवा जनसंपर्क कार्यालयात भेटणं सोयीचं. आमसभेच्या दिवशी किंवा गणपती-दुर्गोत्सवाच्या धामधुमीत जाऊ नये. पीएचं नाव आणि नंबर घ्या, कारण पुढचा पाठपुरावा त्याच्याशीच होणार आहे. त्याच्याशी अरेरावी केली तर तुमचा कागद नेहमी तळाशी जातो.

पहिल्या दोन मिनिटांत मागणी सांगा. हार-शाल आणू नका. सत्काराचा फोटो निघतो, नाली तशीच राहते. "काम झालं नाही तर मतदानावर बहिष्कार" ही धमकीही उपयोगाची नाही. बहिष्कार टाकणारा मतदार नगरसेवकाच्या हिशोबातून तसाही वजा होतो. आणि नियमाबाहेरचं मागू नये: शेजाऱ्याचं अतिक्रमण काढा पण आमचं राहू द्या, बदली करा, अ‍ॅडमिशन करून द्या. असल्या कामांसाठी शिफारसपत्रं सर्रास मिळतात, आणि अशा पत्रांना किती वजन द्यायचं हे अधिकाऱ्यांना नीट ठाऊक असतं.

सोशल मीडियावर एकाच पोस्टमध्ये पंतप्रधानांपासून नगरसेवकापर्यंत दहा जणांना टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी पाहील. एकदा, फोटो आणि तक्रार क्रमांकासह, फक्त मनपा आणि संबंधित नगरसेवकाला टॅग करा. तेही आधी पत्र दिलं असेल तर. प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिव्या घातल्या तर नगरसेवक ग्रुप म्यूट करतो. मग तिथे टाकलेली खरी तातडीची तक्रारही त्याला दिसत नाही.

वेळ कशी साधावी

मनपाचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नवीन नाली, रस्ता, उद्यान बजेटमध्ये यावं असं वाटत असेल तर पत्र दिवाळीनंतर लगेच द्या, कारण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते. मे महिन्यात मागितलेला सिमेंट रस्ता त्या वर्षीच्या बजेटमध्ये बसवणं कठीण. नालेसफाई मात्र एप्रिल-मे मध्येच मागावी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मागणी केली तर पाऊस तुमच्या आधी येतो. आचारसंहिता लागली की नव्या कामांच्या घोषणा बंद होतात. आधीपासून चालू असलेली आणि तातडीची दुरुस्तीची कामं सुरू राहतात, म्हणून "आचारसंहिता आहे" हे उत्तर चोकअपसाठी मान्य करू नका.

आमदाराकडे दोन कारणांसाठी जावं. एक, निधी. आमदार आणि खासदार दोघांच्या स्थानिक विकास निधीची मर्यादा वर्षाला ५ कोटी रुपये आहे आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. प्रस्ताव बहुतेक वेळा जागेवर अडतो. ले-आऊटची ओपन स्पेस कुणाच्या नावावर आहे, नासुप्रच्या, मनपाच्या की गृहनिर्माण संस्थेच्या, हे कागदावर स्पष्ट नसेल तर समाजभवन असो की ग्रीन जिम, फाईल पुढे जात नाही. म्हणून जागेचा कागद आणि ना-हरकत आधी मिळवा. बांधल्यानंतर देखभाल कोण करणार, तेही लिहून द्या.

दुसरं कारण हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात विधिमंडळ आपल्या सिव्हिल लाईन्समध्ये येतं. तेव्हा यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि निवेदनांचा पूर येतो. राज्यपातळीवरच्या, शेकडो लोकांच्या प्रश्नाला मोर्चा शोभतो. एका ले-आऊटच्या रस्त्यासाठी काढलेला मोर्चा गर्दीत हरवतो. त्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच आमदाराला कागद द्या. तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे डिसेंबरात दिलेला मजकूर त्या अधिवेशनात प्रश्नाला लागत नाही. विषय अनेक खात्यांचा असेल तर हीच वाट खरी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. धरण, नदी, पूल, संरक्षक भिंत असे प्रश्न नगरसेवकाच्या आवाक्याबाहेरचे. ते सरकारपुढे आणि हायकोर्टापुढेच गेले.

उत्तरच आलं नाही तर

पंधरा दिवसांनी आठवणपत्र द्या, आधीचा आवक क्रमांक लिहून. मग प्रभागातल्या दुसऱ्या नगरसेवकाकडे जा, विरोधी पक्षाचा असला तरी. सभागृहात प्रश्न विचारायची हौस त्यालाच जास्त असते.

तरीही शांतता असेल तर माहिती अधिकार. अर्ज नगरसेवकाकडे करायचा नाही, झोनच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "काम का झालं नाही?" असं विचारू नका. कारणमीमांसा ही माहिती नव्हे म्हणून अर्ज निकालात निघतो. असं विचारा: "दि. ___ च्या आवक क्र. ___ च्या निवेदनावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, ते कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते याच्या नोंदीसह." उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. मिळालेली टिपणी नगरसेवकाला नेऊन द्या. फाईल कुठे अडली हे त्यालाही पुष्कळदा तेव्हाच कळतं, आणि सभागृहात बोलायला हातात कागद येतो.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, ही आणखी एक वाट. मनपा आयुक्तांकडे तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत द्यावा लागतो. कोर्टात असलेली प्रकरणं, नोकरीविषयक तक्रारी आणि माहिती अधिकाराचे विषय तिथे घेत नाहीत. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. संघटनेच्या किंवा नगरसेवकाच्या लेटरहेडवरचा अर्ज परत येतो, त्यामुळे वीस सह्यांचं निवेदन तिथे नेऊ नका. ज्या घरासमोर पाणी सर्वांत जास्त साचतं त्या घरमालकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या प्लॉट नंबरासकट अर्ज करावा आणि त्या दिवशी पोच, फोटो आणि माहिती अधिकारातली टिपणी घेऊन स्वतः हजर राहावं.